गाठीचे सात सेकंद

त्या सात सेकंदांत आपण गाठ मारत होतो, हे हेमराजला एकोणीस दिवसांनी कळलं, आणि तेही शेठच्या केबिनमध्ये, एसीखाली, मानाने खुर्चीवर बसून चहा पिताना. अठ्ठावीस वर्षांत त्या खुर्चीवर तो पहिल्यांदाच बसला होता. एरवी पगाराच्या दिवशी दारातून हात पुढे करायचा आणि निघायचं, एवढीच त्याची त्या केबिनशी ओळख. पण आज शेठने स्वतः बोलावलं होतं. "आव, आव हेमराज, बेस. तने हीरो बतावुं," असं म्हणत त्यांनी टेबलावरचा पडदा त्याच्याकडे वळवला. अपघाताचं सीसीटीव्हीचं चित्रण त्यांनी वेगळं काढून ठेवलं होतं. नव्या कारीगरांना ते दाखवायचं, म्हणजे वेळेला कसं धावायचं असतं ते त्यांना कळेल, असा त्यांचा विचार होता. हेमराज ओशाळून हसला आणि पडद्याकडे बघू लागला. स्वतःची शौर्यकथा बघायला मिळणार म्हणून त्याला आतून बरं वाटत होतं, हे सांगून टाकलेलं बरं.

चित्र वरून घेतलेलं, थोडं धुरकट, मुकं. लूमखात्याची, म्हणजे यंत्रमागांच्या शेडची, ती मधली गल्ली, दोन्ही बाजूंना मशिनं, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे: अकरा बेचाळीस. डाव्या ओळीत, कॅमेऱ्याकडे पाठ करून भगवान उभा. भगवान म्हणजे हेमराजच्या धाकट्या बहिणीचा, नूतनचा नवरा. दहा वर्षांपूर्वी हेमराजनेच त्याला पारोळ्याकडच्या गावातून सुरतेला आणलं होतं आणि हाताला धरून लूम चालवायला शिकवलं होतं. उजव्या ओळीत त्याच्या समोरासमोर हेमराज, चेहरा पूर्ण दिसतोय. सातव्या सेकंदाला भगवानचा उजवा खांदा एकदम खाली गेला. चालू मशीनला तेल घालताना त्याची बाही दातेरी चाकात सापडली ती तिथे. पडद्यावरच्या हेमराजच्या लूमवरचा एक तार, म्हणजे धागा, बहुधा त्याच वेळी तुटला असावा, कारण त्याने आपल्या लूमचा दांडा ओढून तो थांबवला, बोटं तोंडाशी नेली, थुंकी लावली, तुटलेली टोकं उचलली आणि गाठ मारायला घेतली. गाठीकडे बघायची त्याला गरज नव्हती. बोटं गाठ मारत होती आणि डोळे वर उचललेले होते. ते डोळे सरळ भगवानवर होते. गाठ झाली. त्याने दांडा परत ढकलला, लूम सुरू केला. घड्याळात चौदावा सेकंद लागला. आणि मग एकाएकी तो हेमराज उडालाच, तीन ढांगांत खांबापाशी पोचून त्याने मोठा स्विच खाली ओढला आणि सगळी ओळ थांबली.

"वाह!" शेठ म्हणाले. "जोयुं? केवो दोड्यो!" त्यांनी चित्र मागे नेलं आणि पुन्हा लावलं. तेच झालं. शेठ भगवानच्या खांद्याकडे बघत होते आणि मग स्विचकडे. मधे जो माणूस निवांतपणे थुंकी लावून गाठ मारत होता तो त्यांना दिसलाच नाही. त्यांचे डोळे पडद्यावरून एक वीतभरही हलले नव्हते, तरी दिसला नाही. "परत लावा शेठ," हेमराज म्हणाला. शेठ खूश झाले, स्वतःचं कौतुक कुणाला नको असतं, असं त्यांना वाटलं असणार. तिसऱ्यांदा बघताना हेमराजने पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या तोंडावर काही म्हणजे काहीच नव्हतं. भीती नाही, घाई नाही, वाईटपणाही नाही. रोज अकरा बेचाळीसला असतं तसंच तोंड. त्याला वाटलं, हा मी नाही. कुणीतरी माझा शर्ट घालून उभा आहे. पण शर्टाच्या खिशाला नूतननेच दिवाळीत टाका घातला होता, तो पांढरा टाका तेवढा चित्रात दिसत होता. चहा त्याने तसाच ठेवला आणि उठताना शेठने पाठीवर मारलेली थाप त्याला पार मणक्यापर्यंत झोंबली.

पायऱ्या उतरताना त्याने पहिल्यांदा स्वतःचीच आठवण तपासली. ती जशीच्या तशी होती. तो लूमपाशी उभा आहे, समोर भगवानचा खांदा ओढला जातो, छातीत धस्स होतं, 'अरे!' असं मनात येतं आणि तो धावतो. मधे कुठे फट नाही, शिवण नाही, की बोट घालून बघावं. तुटलेला तार त्या आठवणीत नव्हताच. गाठ नव्हती. सात सेकंद म्हणजे किती, हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही, पण लूमवाल्याला कळतं: एका मिनिटाला एकशे साठ ठोके, म्हणजे सात सेकंदांत अठरा. अठरा ठोके चाक फिरलं. डॉक्टर म्हणाले होते, मशीन वेळेवर बंद झालं म्हणून मनगट राहिलं. चार बोटं गेली, अंगठा राहिला. वेळेवर! त्या शब्दाने हेमराजला जिन्यातच घाम फुटला, कठडा धरून तो थांबला. कठडा धरलेला हात आपला आहे, याची त्याला आता खात्री नव्हती.

हा हात कुणी घडवला ते त्याला पुरतं ठाऊक होतं. दगाकाकाने. सोळाव्या वर्षी हेमराज सुरतेला आला तेव्हा वडिलांचा हा चुलतभाऊ खात्यात सगळ्यांत जुना कारीगर होता, दोन्ही कानांनी बहिरा, आणि तरी बारा लूममध्ये कुठला बिघडलाय ते पाय जमिनीला टेकवून सांगायचा. लूमखात्यात बोलणं ऐकूच येत नाही. माणसं तोंडं बघून आणि हात हलवून बोलतात. म्हणून दगाकाका शिकवायचा तोही हाताने. पाठीमागून त्याची दोन्ही मनगटं धरायचा आणि गाठ मारायला लावायचा, पन्नासदा, शंभरदा, डोळे बांधून. चुकलं की टपली. आणि चहाच्या सुट्टीत बाहेर आल्यावर ओरडून सांगायचा, "तार तुटा का पहिले गाठ, मंग देव! डोकाले इचारू नको. डोकं येडं ऱ्हास, हात शहाणा ऱ्हास." वर्षभरात हात शहाणा झाला. तार तुटल्याचं हेमराजला कळायच्या आत हात दांड्यावर गेलेला असे, आणि त्याला त्याची कोण ऐट! पुढे भगवान आला तेव्हा हेमराजने त्याचीही मनगटं पाठीमागून अशीच धरली होती. भगवानचे हात त्या वेळी शेतातले, राठ, जाड होते. गाठ मारताना तो लहान पोरासारखी जीभ बाहेर काढायचा आणि हेमराज हसायचा. आज ते आठवून त्याला भडभडून आलं, आणि खात्याच्या दारातला रखवालदार बघतोय म्हणून त्याने नाक शिंकरल्याचं सोंग केलं.

अमरोलीच्या खात्यापासून कोसाडच्या वसाहतीपर्यंत रिक्षा मिळत होत्या, पण तो चालतच निघाला. एप्रिलचं ऊन वरून आणि डांबर खालून तापवत होतं. एकोणीस दिवस तो याच रस्त्याने मान वर करून गेला होता. पानवाला पैसे घेत नव्हता. वसाहतीतली माणसं थांबवून विचारायची आणि तो सांगायचा. सुरुवातीला चार वाक्यांत सांगायचा. मग त्यात रंग भरत गेला, कुठे थांबायचं ते ठरत गेलं, 'माझ्या डोळ्यासमोर अंधारी आली पण पाय थांबले नाहीत' हे वाक्य तर त्याला स्वतःलाच फार आवडू लागलं होतं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात नूतनने त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं. "दादा, तू नही ऱ्हाता तं मी काय करती?" म्हणाली होती. त्याने तिला उठवलं होतं, मोठ्या मनाने. हे सगळं खोटं होतं का? खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असावं लागतं. त्याला माहीत नव्हतं. तो खोटं बोलला नव्हता, पण खरंही बोलला नव्हता. या कोड्यापाशी तो येऊन आपटला तेव्हा त्याचे पाय एकदम थांबले, आणि मग कुठे त्याला हॉर्न ऐकू आला. बस नाकासमोरून गेली. पाय आधी थांबले होते. त्याने खाली पायांकडे पाहिलं. याच अंगाने त्याला आत्ता वाचवलं होतं, न विचारता, न सांगता. आभार मानावेत की शिव्या द्याव्यात ते त्याला कळेना. उरलेला रस्ता तो एका हाताने दुसरं मनगट धरून चालला.

घरी मुलगी मनीषा एकटीच होती. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते, आणि गेल्या दिवाळीत तिने लॅपटॉपवर बापावर एक प्रयोग केला होता. पडद्यावर एक काटा गरगर फिरत होता. मनात येईल तेव्हा बटण दाबायचं, आणि दाबायचं ठरवलं त्या क्षणी काटा कुठे होता ते सांगायचं. हेमराजला तो पोरखेळ वाटला होता. मग मनीषा म्हणाली होती की परदेशात अशाच प्रयोगात डोक्याला तारा लावून बघितलं, तर माणूस 'आता ठरवलं' म्हणतो त्याच्या थोडं आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. "मग ठरवतं कोण?" असं त्याने तेव्हा हसत विचारलं होतं आणि चकलीचा तुकडा तोंडात टाकला होता. आज तो पंख्याखाली बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "मनीषा, डोळे समोर असले, तरी माणसाला दिसत नाही, असं होतं का गं?"

"होतं की पप्पा!" ती एकदम खुलली. बापाला आपल्या अभ्यासात रस आहे, याचा तिला आनंद झाला. "डोळ्यात चित्र जातं, पण ते कळायला लक्ष तिथे असावं लागतं. लक्ष दुसऱ्या कामात गुंतलं असेल ने, तर समोरचं मोठ्ठं काहीतरी निघून जातं, पत्ताच लागत नाही. ड्रायव्हर लोक नाही सांगत, बघितलं पण दिसलं नाही, म्हणून?"

"आणि काम असं असलं, की त्यात लक्ष लागतच नाही? हातच करतो?"

"मग तर मेंदू वर विचारायलासुद्धा येत नाही. सवयीचं काम खालच्या खाली उरकतं. आपल्याला बातमी नंतर मिळते. कधी मिळतच नाही." ती थोडी थांबली. "आणि मधे जे राहून गेलं ते रिकामं नाही दिसत, पप्पा. आठवण ते सांधून घेते. माणूस शपथ घेऊन सांगतो, असंच झालं. तो खोटारडा नसतो."

"मग दोष कुणाचा?"

"त्यावर भांडणं चालू आहेत सगळ्यांची," मनीषा हसून म्हणाली. "आमचे सर म्हणतात, परीक्षेत दोन्ही बाजू लिहा." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "काय झालं? तब्येत बरी नथी?"

"ऊन लागलं," तो म्हणाला.

दोन्ही बाजू लिहा. तो मोरीत जाऊन डोक्यावर पाणी ओतत राहिला. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. पोरीने त्याला सोडवलं होतं. त्याने पाहिलंच नव्हतं. मग त्याने काय केलं? काहीच केलं नाही. हाताने केलं. पण हे जितकं पटत गेलं तितका तो जास्त हादरत गेला. कारण हात जर गाठ मारत होता, तर स्विचकडे धावलं कोण? तेही पायच असणार. मग नूतन ज्याच्या पाया पडली, ज्याला पानवाल्याने फुकट पान दिलं, तो कोण होता? बरं ते आपलं आणि वाईट ते हाताचं, असं वाटून घेता येत नाही. एकतर दोन्ही आपलं, नाहीतर दोन्ही नाही. नूतनचं लग्न ठरवलं तेव्हा तरी आपण ठरवलं होतं का? भगवानला पहिल्यांदा बघितलं आणि 'मुलगा चांगला आहे' असं तोंडातून निघून गेलं, मग कारणं शोधत बसलो: दारू पीत नाही, जमीन आहे, आई गरीब स्वभावाची आहे. त्याला सुरतेला आणायचंही असंच. अंगावरून पाणी ओघळत होतं, आणि आपल्या जन्माचा खरा मालक कुणीतरी दुसराच आहे, आपण नुसते त्याच्या वतीने लोकांशी बोलायला ठेवलेले आहोत, असा विचार त्याच्या मनात आला. एप्रिलच्या त्या उकाड्यात त्याला हुडहुडी भरली.

तरी एक गोष्ट त्याने मोरीतून बाहेर येण्याआधी ठरवली. अगदी शब्दांत, मनातल्या मनात तीन वेळा म्हणून ठरवली. नूतनला सांगायचं नाही. सांगून बोटं परत येणार नाहीत. एवढ्या मोठ्या शहरात तिला माहेर म्हणजे हा एक भाऊ. तो भाऊ तिच्या नवऱ्याची बोटं चाकात जाताना बघत उभा होता, हे घेऊन ती कुठे जाईल? कुणाला दिसलेलं नाही. शेठला दिसलं नाही, नव्या पोरांना दिसणार नाही. आपण गिळून टाकायचं, आणि जमेल तितकं भगवानचं करत राहायचं. हा विचार चांगला होता, आणि त्यात थोडा स्वतःचाही जीव वाचत होता, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानला ड्रेसिंगला न्यायचं होतं. दर तिसऱ्या दिवशी हेमराजच नेत असे. नूतनचं घर चार इमारती सोडून पलीकडे, तळमजल्यावर. ती दाराशी उजेडात बसून साडीवर खडे चिकटवत होती. नवरा पडल्यापासून तिने हे काम दुप्पट आणलं होतं. भगवान खाटेवर भिंतीला टेकून, उजवा हात उशीवर. आणि खाली पाय पसरून त्याची आई, धुरपदाबाई. तिला छातीचा त्रास म्हणून गावी नुसतं 'किरकोळ लागलं' एवढंच कळवलं होतं. काल संध्याकाळी ती आली आणि रात्रभर त्याच्या हाताशीच बसून होती, असं नूतनने हळूच सांगितलं. हेमराजला बघताच म्हातारी हात टेकत उठली, त्याच्या तोंडावरून दोन्ही तळवे फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. "बठ रे बाबा, बठ. तूच वाचाडा मना पोऱ्याले. या लोके माले काय सांगतस नही नीट. तू सांग. कसं व्हयनं ते पहिलेपाईन सांग."

हेमराज स्टुलावर बसला. गोष्ट त्याच्या तोंडात तयार होती. एकोणीस दिवसांत ती इतकी गुळगुळीत झाली होती की सुरू करून दिलं की आपली आपण चालायची. त्याने नेहमीसारखा घसा साफ केला, नेहमीसारखं म्हणाला, "अकरा-पावणेबारा झाले असतील, मी माझ्या लूमवर होतो, भगवानराव समोर," आणि पुढचं वाक्य त्याच्या कानांनी ऐकलं. "मावशी, मी आधी गाठ मारली."

हे कुणी म्हटलं, ते त्याला चटकन कळलं नाही. नूतनचा खडा धरलेला हात हवेत थांबला, त्यावरून कळलं.

"कसानी गाठ?" म्हातारी म्हणाली.

आता तोंड थांबेना. "माझा तार तुटला होता. समोर भगवानरावांचा हात चाकात जात होता आणि मी मशीन थांबवून तार सांधत होतो. मशीन परत चालूसुद्धा केलं. मग गेलो. मला काही आठवत नाही, आईची आण. काल शेठने चित्र दाखवलं. माझे डोळे यांच्यावरच होते, पण मला दिसलं नाही. मनीषा म्हणते, असं होतं माणसाचं. मला दिसलं नाही, नूतन."

"कितला टाईम?" नूतनने विचारलं. तिचा आवाज सरळ होता.

"सात सेकंद."

ती नवऱ्याकडे वळली. भगवान छताकडे बघत होता.  बाहेर नळावर हंडे आपटत होते. मग भगवान हळू आवाजात, कुणालाही न दुखवता बोलावं तसा बोलला. "माले माहीत शे, भाऊ. मी तव्हयपाईन काही बोलनू नही."

"माहीत शे?" नूतन म्हणाली.

"मी डाव्या हातवरी बाही फाडी राहिंतू," भगवान हेमराजलाच सांगत होता. "निम्मी फाटनी बी व्हती. तेवढामा तुम्ही मनाकडे देखं. नजरले नजर भिडनी. मी म्हणं, हेमराजभाऊनी देखं, आते काय भेव नही." त्याने डाव्या हाताची मूठ उघडून दाखवली. "म्हणीसन मी बाही सोडी दिधी."

धुरपदाबाईला यातलं किती समजलं कोण जाणे, तिने फक्त पदर तोंडाला लावला. हेमराजच्या कानात लूमखात्यातला तो अखंड आवाज घुमू लागला, आणि त्या आवाजाच्या पलीकडे भगवानचं तोंड अजून हलत होतं, तो काहीतरी समजुतीचंच म्हणत असणार. नूतनने खड्यांची पुडी बंद केली, साडीची घडी घातली, ती बाजूला ठेवली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठून नवऱ्याच्या खाटेपाशी गेली आणि त्याच्या उशीवरच्या हाताच्या आणि भावाच्या मधे उभी राहिली.

"ड्रेसिंगले मी लई जासू," ती म्हणाली. "तू आते घर जाय, दादा."

"हो," हेमराज म्हणाला. उठायचं त्याने ठरवलं. जन्मात कधी कुठली गोष्ट त्याने इतकी लख्ख, इतकी स्वतःची स्वतः ठरवली नव्हती: उठायचं, चपला घालायच्या, दाराबाहेर पडायचं. पाय हलले नाहीत. त्याने पुन्हा ठरवलं. नूतन वाट बघत होती.

"जाय ना, दादा," ती म्हणाली.

तो स्टुलावर बसूनच होता.